पत्रक वाटले, भोंगा फिरला, तरी कोणी आले का नाही? साथीच्या काळात बहुभाषिक गोव्याला माहिती देताना या चुका टाळा

जून २०२१मधला एक रविवार. आमच्या गावच्या शाळेत कोरोनाच्या लसीकरणाचे शिबिर होते. दोन दिवस आधी पत्रके वाटून झाली होती: वर मराठी, खाली देवनागरी कोकणी, पाठ कोरी. रिक्षावर भोंगा बांधून तीन फेऱ्याही मारल्या होत्या. गावातली माणसे सकाळी आठालाच रांगेत उभी होती. शाळेच्या मागे एक चाळ आहे, तिथे बांधकामावरचे आणि कारखान्यांतले कामगार राहतात. तिथून दुपारपर्यंत एकही माणूस फिरकला नाही. पत्रकाचा मजकूर माझाच होता. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे त्या दोन वर्षांत असली कामे आपोआप माझ्या गळ्यात पडत. जेवणाच्या सुट्टीत मीच चाळीकडे गेलो.

नळावर विजापूरकडची एक अक्का कपडे धूत होती. पत्रक मिळाले होते का, असे तिला विचारले.

"मिळालं ना सर. म्हणून तर खोलीत कोण नाय."

आदल्या वर्षी असाच शिक्का मारलेला कागद आला होता. माणसे तपासली, दोघांना गाडीत घालून नेले आणि चाळीला चौदा दिवस दोरी बांधली. सगळ्यांची रोजंदारी बुडाली. या वेळच्या कागदावर मी लिहिले होते, 'सर्वांनी आधार कार्डासह हजर राहावे.' चाळीतल्या हिंदी शाळेत शिकलेल्या एका पोराने ते सगळ्यांना वाचून दाखवले. देवनागरीच असल्यामुळे त्याला वाचायला अडचण आली नाही. 'हजर' त्याने 'हाज़िर' असे वाचले, आणि हाज़िर म्हणजे पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात. पुरुष मंडळी पहाटेच निघून गेली होती.

म्हणजे पत्रक कळले नव्हते अशातला भाग नाही. भलतेच कळले होते. माहिती पाठवणारा 'किती प्रती वाटल्या' हे मोजतो आणि पलीकडे काय पोचले ते कधीच मोजत नाही, हे मला त्या नळावर समजले. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत. उरलेल्या दुसऱ्यांना करताना पाहिल्या आहेत.

चूक: भाषा राजभाषा कायदा बघून ठरवणे

१९८७च्या कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराची सोय राहिली. त्यामुळे पत्रक म्हटले की कोकणी, मराठी आणि वर शोभेला इंग्रजी, हा साचा ठरून गेला आहे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती. त्यात मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सुमारे ११ आणि हिंदी सुमारे साडेआठ टक्के. त्यानंतर कन्नड आणि उर्दू. आकडे ठीक आहेत, पण साथ काही राज्याच्या सरासरीवर पसरत नाही, ती एका वाड्यात, एका चाळीत, एका जेटीवर पसरते. सत्तरीत, डिचोलीत किंवा पेडण्यात मराठी पत्रक घरोघर वाचले जाईल. तेच पत्रक झुआरीनगरात कन्नड घरात गेले तर कागद आहे एवढेच कळेल. किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या लमाणी बायकांना तर त्यांच्या बोलीत सांगणाराच माणूस शोधावा लागतो. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत नेपाळी मुले, मोरजीला रशियन पाहुणे, ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे खलाशी.

लिपीचा घोळ तर भाषेपेक्षा मोठा. सासष्टीतली एखादी ख्रिस्ती आजी कोकणी अस्खलित बोलते, प्रार्थना कोकणीत म्हणते, रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, लिपीतले साप्ताहिक वाचते. तिच्या हातात देवनागरी कोकणी पत्रक ठेवले की तिची मातृभाषाच तिला परकी होते. 'कोकणीत छापले आहे' असे म्हणून आपण सुटतो, पण आजीला ते नातवाकडून वाचून घ्यावे लागते आणि नातू इंग्रजी माध्यमाचा. ती कोकणी रोमीत छापायला एक वेगळा कागद लागतो, बस्स.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायलाच हवी. गोव्यात भाषा निवडणे म्हणजे पक्ष निवडणे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. मराठी वर की कोकणी वर, यावरून एका बैठकीत अर्धा तास गेलेला मी पाहिला आहे, आणि कन्नडचा विषय त्या बैठकीत निघालाच नाही. साथीच्या कागदावर मानापमान नको. ज्या वाड्यात तो जाणार, तिथली भाषा वर.

उपाय साधा आहे. गावाची एक वही करा. वाडा कोणता, घरात काय बोलतात, कोणत्या लिपीत वाचतात, वाचतात की ऐकतात, आणि कोणाच्या शब्दाला मान देतात. अंगणवाडी सेविका, पंच, किराणा दुकानदार आणि मुकादम यांच्याजवळ बसलात तर दोन संध्याकाळी ही वही भरते. ही वही साथ येण्याआधी भरायची असते, पण ते काम कोणालाच तेव्हा तातडीचे वाटत नाही.

चूक: दिल्लीचा किंवा मुंबईचा मजकूर जसाच्या तसा उचलणे

देशभरासाठी केलेल्या साहित्यात 'आपल्या आशाताईंशी संपर्क साधा' असे वाक्य हमखास असते. गोव्यात आशा कार्यक्रमच नव्हता. वाचणारा बिचारा विचारतो, ही आशाताई राहते कुठे? आमच्या पहिल्या पत्रकात ते वाक्य तसेच गेले होते आणि दोन जणांनी मला फोन करून तिचा नंबर मागितला.

'दो गज की दूरी' हेही असेच उचललेले. हिंदी पट्ट्यात गज म्हणजे तीन फूट. आपल्याकडे गज म्हटला की खिडकीचा गज आठवतो, नाहीतर गणपती. 'दोघांनी हात पसरले तरी बोटांना बोटे लागू नयेत', असे सांगितले आणि उभे राहून दाखवले की कोणत्याही भाषेत कळते.

लसीच्या नोंदणीच्या कोविनचेही तेच झाले. जानेवारी २०२१मध्ये लसीकरण सुरू झाले, जूनमध्ये संकेतस्थळ हिंदीसह बऱ्याच भारतीय भाषांत आले. त्यात मराठी होती, कन्नड होती, कोकणी नव्हती. तोवर नोंदणीचा भार घरातल्या इंग्रजी येणाऱ्या पोरांवर होता. ज्या घरात असे पोर नाही ते घर मागे पडले.

चूक: शब्द बरोबर आहे म्हणून तो चालेल असे समजणे

या चुकीवर जास्त बोलायचे आहे, कारण मी पोटापाण्यासाठी शब्दांचाच धंदा करतो.

'सामाजिक अंतर' हा शब्द मार्च २०२०मध्ये सगळीकडे झाला. भाषांतर अचूक. पण ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या काही लोकांना विहिरीपासून आणि देवळापासून लांब ठेवले, तिथे 'सामाजिक अंतर पाळा' म्हणताना जीभ अडखळायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात 'सोशल' ऐवजी 'फिजिकल' म्हणायला सुरुवात केली. त्यांचे कारण वेगळे होते: माणसांनी शरीराने लांब राहावे, नात्याने नाही. आपण 'सुरक्षित अंतर' म्हटले असते तर काही बिघडले नसते.

'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' या जोडीने तर कहर केला. एक आजारी माणसासाठी, दुसरा संपर्कात आलेल्या धडधाकट माणसासाठी. कोणता कोणासाठी, यात वर्तमानपत्रांचीही गल्लत होत असे. आमच्याकडे शेवटी असे सांगायचे ठरले: 'तुम्ही आजारी आहात, म्हणून वेगळ्या खोलीत राहा' आणि 'तुम्ही आजारी नाही, पण होऊ शकता, म्हणून इतके दिवस घराबाहेर पडू नका.' लांब आहे. चालेल.

'सहव्याधी' कोणी बोलत नाही. शुगर, प्रेशर, दमा हे बोलतात. 'पॉझिटिव्ह आलात' असे ऐकून खूश झालेले म्हातारे तर प्रत्येक गावात एकेक असतील.

शेजारच्या भाषांतले सारखे दिसणारे शब्द सर्वांत फसवे. कोकणीत ताप आला तर 'जोर आयलो' म्हणतात, ज्वराचा जोर. आमच्या शिबिरात कोल्हापूरकडचा एक स्वयंसेवक होता, चांगला उत्साही मुलगा. समोरच्या आजोबांनी सांगितले, "म्हाका काल जोर आयिल्लो." त्याने ऐकले 'जोर', आणि तब्येतीच्या रकान्यात लिहिले, 'ठणठणीत'. नर्सबाई फोंड्याच्या होत्या म्हणून वाचलो. त्यांनी कागद बघितला, आजोबांकडे बघितले आणि त्यांना बाजूला बसवून थर्मामीटर लावला.

हिंदीतला 'कल' हा दुसरा सापळा. त्याचा अर्थ उद्या आणि काल, दोन्ही. ज्याची मायबोली हिंदी आहे त्याला क्रियापदावरून कळते. ओडिया किंवा कन्नड माणसाशी मराठी माणूस जेव्हा मोडक्या हिंदीत बोलतो तेव्हा दोघांनाही काही कळत नाही. म्हणून वार सांगा. सोमवार, मंगळवार, बुधवार, ही नावे आपल्या आसपासच्या बहुतेक भाषांत जवळपास सारखीच आहेत. फक्त कोकणी ऐकणाऱ्यांना गुरुवारचा बिरेस्तार आणि रविवारचा आयतार करून सांगायचा. वार, तारीख, घड्याळाची वेळ, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या की मग चूक करायलाही कष्ट पडतात.

हे दुखणे जुने आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५६३मध्ये त्याचे औषधींवरचे पुस्तक गोव्यातच छापले गेले. त्यात पटकीचे वर्णन आहे, आणि इथले लोक तिला काय म्हणतात तेही त्याने नोंदवले आहे. तो शब्द म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशी' झाले. पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियँ' केले, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'कुत्र्याचे मरण'. पोट बिघडल्याचा घरगुती शब्द दोन भाषा ओलांडून गेला आणि कुत्र्याच्या मरणावर येऊन थांबला. आपले पत्रक तीन भाषा ओलांडते.

म्हणून छापण्याआधी उलटी तपासणी करा. कन्नड मजकूर झाला की तो भाषांतर करणाऱ्याला दाखवायचा नाही, तिसऱ्याच कन्नड माणसाला द्यायचा आणि म्हणायचे, 'यात काय लिहिलंय ते मला कोकणीत किंवा हिंदीत सांग.' त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: 'मग उद्या सकाळी तू काय करशील?' 'समजलं का?' असे कधीच विचारू नये. त्याला सगळेच मान डोलावतात. माझ्या वर्गातली मुलेही.

चूक: जमणार नाही ते सांगणे

'वारंवार वीस सेकंद साबणाने हात धुवा.' बारा खोल्यांना एक नळ आणि पाणी सकाळी दोन तास. 'स्वतंत्र खोलीत राहा.' खोलीत सहा जण आणि त्यातले तिघे रात्रपाळीचे, कारण सगळे एकदम झोपायला जागाच नाही. अशा माणसाला ही सूचना दिली की त्याला दोनच गोष्टी कळतात. हा कागद आपल्यासाठी नाही, आणि लिहिणाऱ्याला आपण कसे राहतो ते माहीत नाही. पुढचे सगळे कागद तो न वाचता टाकतो.

२०२४चा पावसाळा संपत आला असताना कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या खलाशांत कॉलरा पसरला. मोडशी परत गोव्याच्या बातम्यांत आली. तिथे 'पाणी उकळून प्या' हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक आहे. पण बोटीवर दाटीवाटीने राहणारा खलाशी पिंपभर पाणी कशावर उकळणार? त्याला सांगायचे ते असे: प्यायचे पाणी नेमके कुठून घ्यायचे, क्लोरीनची गोळी किती पाण्यात किती आणि त्यानंतर किती वेळ थांबायचे, शौचाला कुठे जायचे, आणि जुलाब लागले तर पहिल्या तासात काय करायचे. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे लिहून देऊ नका, करून दाखवा. 'सपाट' म्हणजे काय ते बोटाने चमचा पुसून दाखवल्याशिवाय कोणालाही कळत नाही, आणि मीठ जास्त पडले तर उपायाचाच अपाय होतो.

आणि सूचना देण्याआधी मालकाशी बोला. पाण्याची टाकी भरणे, शौचालय उघडे ठेवणे ही कामे खलाशाच्या हातात नसतात. सगळा उपदेश कामगाराला आणि बोटमालकाला, कंत्राटदाराला एक ओळही नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

चूक: आकडे फेकणे

ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना फोन करा, हे दुसऱ्या लाटेत घराघरांत सांगितले गेले. यंत्र इंग्रजी आकडे दाखवते, पत्रक देवनागरी आकड्यांत, आणि ऐकणारा 'चौऱ्याण्णव', 'चौरानवे' की 'तोंबत्तनाल्कु' म्हणतो ते त्याच्या शाळेवर अवलंबून. यंत्रावर दिसतो तसाच आकडा मोठा काढून द्या आणि त्याखालच्या आकड्यांना लाल रंग द्या. यंत्रावर नाडीचा दुसरा आकडाही असतो, तो झाकून चित्र छापले तर आणखी घोळ होतो. तो दाखवा आणि 'हा नाही' म्हणून त्यावर फुली मारा.

चूक: सल्ला बदलला तरी तो बदललाच नाही असे दाखवणे

सुरुवातीला सांगितले, धडधाकट माणसाला मास्क नको. एप्रिल २०२०च्या आरंभी केंद्राने घरी शिवलेला मास्क वापरायला सांगितले. कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर आधी चार ते सहा आठवडे होते. मार्च २०२१मध्ये ते सहा ते आठ झाले, मेमध्ये बारा ते सोळा. प्रत्येक बदलामागे कारण होते. पण लोकांपर्यंत बदल पोचला, कारण पोचलेच नाही. मग ते आपणच तयार करतो: 'लस संपली म्हणून तारखा ढकलतायत.'

गोव्यात मे २०२१मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीस सांगितले होते की कोविडवर हे औषध फक्त चाचण्यांपुरतेच वापरावे. आमच्याकडे त्या आठवड्यात येणारा प्रश्न हा, 'गोळ्या घेतल्या तर लस कशाला?' आमच्यापैकी एकाकडेही एका वाक्यात देण्याजोगे उत्तर नव्हते. घाईची घोषणा होऊन जाते, प्रश्न मात्र शिबिराच्या टेबलाशी येतो.

माझी पद्धत पुढे अशी ठरली. प्रत्येक कागदाच्या वर तारीख मोठी. पहिली ओळ: 'आधी आम्ही असे सांगितले होते.' दुसरी: 'आता असे करा.' तिसरी: 'कारण हे.' चौथी ओळ फार कमी जण लिहितात: 'हे पुन्हा बदलू शकते, बदलले तर अमुक दिवशी इथेच सांगू.' आणि जुना कागद भिंतीवरून काढायचा. पंचायतीच्या फलकावर तीन महिन्यांचे तीन वेगवेगळे सल्ले शेजारी शेजारी चिकटलेले मी वाचले आहेत. त्यातला कोणता खरा धरायचा?

'गोवा कोरोनामुक्त' हा यातलाच एक प्रकार. २५ मार्च २०२०ला पहिले रुग्ण सापडले आणि १९ एप्रिलला सातव्यापर्यंत सगळे बरे झाले. आनंद होणारच. पण शून्य म्हणजे 'आज शून्य' असे कोणी म्हटले नाही. जूनच्या सुरुवातीला वास्कोतल्या मांगोर हिलमध्ये संसर्गाची साखळी सापडली तेव्हा लोकांना साथ आली असे वाटलेच नाही. कोणीतरी ती आणली, असे वाटले.

चूक: आजाराला पत्ता देणे

मांगोर हिल हे नाव त्या महिन्यात शिवीसारखे वापरले गेले. प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करताना नाव घ्यावेच लागते, त्याला इलाज नाही. पण नावाबरोबर 'तिथल्या लोकांना काय लागेल आणि आपण काय पोचवू' हे सांगितले तर ऐकणाऱ्याचे मन वेगळीकडे वळते. फोन लावला की खोकल्याचा आवाज ऐकवणारी ती ट्यून आठवते? खोकल्याला सगळे वैतागले. तशाच ट्यूनमधले 'बीमारी से लड़ना है, बीमार से नहीं' हे वाक्य मात्र उत्तम होते, पण ते हिंदीत होते आणि ऐकणारा तोवर 'फोन कधी लागतो' याची वाट बघत असे.

परप्रांतीय कामगाराची भीती आणखी खोलातली आहे. मलेरियासाठी गोव्यात बांधकाम कामगारांची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड ही व्यवस्था फार वर्षांपासून आहे. मलेरिया आटोक्यात ठेवायला तिचा उपयोग आहे. पण कामगाराच्या मनात सुई, कार्ड आणि कामावर राहणे या तीन गोष्टी त्यामुळे एकत्र बांधलेल्या असतात. त्याला आधी सांगायचे असते की तपासणीत काही निघाले तर काम जाईल का, मजुरी कोण देईल, गावाला पाठवतील का. या प्रश्नांचे उत्तर 'माहीत नाही' असले तरी ते बोला. गप्प राहिलात तर तो 'हो' समजतो.

आधार कार्डाचेही तसेच. लसीसाठी आधारखेरीज मतदार ओळखपत्र, लायसन्स अशी बरीच ओळखपत्रे चालत होती आणि मे २०२१मध्ये केंद्राने काहीच कागद नसलेल्यांसाठीही पद्धत ठरवून दिली. माझ्या पत्रकात फक्त 'आधार कार्डासह' होते. दोन शब्दांनी किती माणसे दारातच अडवली, देव जाणे.

चूक: बोलणारे तोंड चुकीचे निवडणे, आणि वेळही

लोकांच्या लक्षात चेहरा राहतो. चर्चमधल्या प्रवचनानंतर पाद्रींनी दोन वाक्ये बोलणे, जुम्म्याला मौलवींनी सांगणे, देवस्थानच्या महाजनांनी जत्रेच्या सूचनेत एक ओळ घालणे, हे सगळे उपयोगी आहे. पण मोठ्या माणसांवर थांबू नका. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी प्रत्येक दारात हॉर्न वाजवतो. नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी बाई, टोपली उतरवून पाच मिनिटे बोलते आणि तिला गल्लीतल्या प्रत्येक घराची खबर असते. आम्ही तिला कागद दिला नाही, एकच वाक्य दिले: "सायबिणीच्या घुमटीकडे मंगळारा डॉक्टर येतलो" (मेरीमातेच्या घुमटीपाशी मंगळवारी डॉक्टर येतील). तेवढे पुरले. भोंग्याच्या रिक्षेवाल्याला मात्र चार कागदांचा मजकूर दिला होता. तो चढावर वेग घेतो तेव्हा 'सर्व नागरिकांना' एवढेच ऐकू येते आणि पुढचे वळणापलीकडे जाते. भोंग्यावर बारा शब्दांपलीकडे नको, आणि रिक्षा थांबवून बोला.

वेळेबद्दल एक जुना धडा आहे. माकडताप २०१५मध्ये सत्तरीतल्या पालीत पसरला, पुढच्या वर्षी शेजारच्या दोडामार्गातही. तो गोचिडीतून येतो, आणि काजूच्या हंगामात माणसे रानात पालापाचोळ्यात दिवस काढतात. बोंडे वेचायला सुरुवात झाल्यावर पत्रक देऊन काय होणार? अंगाला लावायचे तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, मेलेले माकड दिसले तर कोणाला सांगायचे, हे सगळे डिसेंबरातच, काजू मोहोरायच्या आत सांगायला हवे. ट्रॉलरवाल्यांना जून-जुलैच्या मासेमारीबंदीत गावाला जाण्याआधी आणि परत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात गाठावे लागते. चाळीत रात्री आठनंतर.

आणि स्वर. मराठीत 'डोस पाजणे' म्हणजे उपदेश करणे, हा शब्द काही उगाच आलेला नाही. 'नागरिकांनी बेजबाबदारपणे वागू नये' या वाक्याने आजपर्यंत एकही माणूस जबाबदार झालेला मी पाहिलेला नाही.

सगळे केले तरी जमत नसेल तर अडते कुठे?

लोक फोन करून एकच गोष्ट विचारत असतील (कुठे, किती वाजता), तर मजकुरात ती आहे पण खाली दडली आहे. वर घ्या. काहीच विचारत नसतील, तर कागद पोचलेला नाही किंवा घाबरवून गेला आहे. दोन्ही वेळी स्वतः जाऊन बघण्यावाचून मार्ग नाही. बायका येतात आणि पुरुष येत नाहीत, तर वेळ कामाच्या पाळीवर पडली आहे. पुरुष येतात आणि बायका येत नाहीत, तर आत सुई टोचायला किंवा नाव लिहायला बाई आहे का ते बघा. पहिला डोस घेऊन दुसऱ्याला आले नाहीत, तर पहिल्या वेळी ताप येईल हे सांगायचे राहिले असेल. ताप आला, दोन दिवस मजुरी गेली, आणि शेजाऱ्याने अर्थ लावला की लसीनेच आजार दिला. एकच अफवा तीन ठिकाणी ऐकू आली, तर ती कोणत्या भाषेत सुरू झाली ते शोधा आणि उत्तर त्याच भाषेत, त्याच व्हॉट्सॲप गटात, ओळखीच्या आवाजात टाका. कन्नड अफवेला मराठी खुलासा हा वांझोटा प्रकार आहे.

आमच्या चाळीचे काय झाले ते राहिले. दुसरे शिबिर रात्री आठला ठेवले, शाळेत नाही, चाळीच्याच अंगणात. कागद काढलाच नाही. अक्काने स्वतःच्या फोनवर कन्नडमध्ये आवाज भरला. मी तिला मुद्दे सांगितले, ती ते बाजूला ठेवून आपल्या मनाने बोलली आणि शेवटी हसली. नंतर अर्थ विचारला तर म्हणाली, "सांगितलं, पोलीस नाय, शाळेचा सर हाय. आधार नसला तरी या. ताप येईल, एक दिवस. दोरी नाय बांधणार." माझ्या पत्रकात यातले एकही वाक्य नव्हते.

लोक आले. अंगणात खुर्च्या कमी पडल्या. जाताना मी पिशवीतले उरलेले पत्रकांचे गठ्ठे परत उचलू लागलो, तर ती म्हणाली, "सर, ते ठेवून जावा. पाठ कोरी हाय. पोरगा गणितं करंल."